बाल्कनीच्या स्लायडिंग दाराला काय लावायचं? पडदा, ब्लाइंड का चिक

हल्ली सांगलीत विश्रामबागकडं काय किंवा साताऱ्यात गोडोली, शाहूपुरीकडं काय, नवीन फ्लॅट म्हटलं की हॉलला सहा नाहीतर आठ फुटी काचेचं स्लायडिंग दार ठरलेलंच. पझेशन मिळतं, वास्तुशांत होते, आणि मग पहिल्याच रविवारी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू हात हलवतात तेव्हा लक्षात येतं की अरे आपण तर पार शोकेसमध्ये राहतोय. लगेच घाईघाईनं जाऊन रेडिमेड पडदे आणले जातात आणि ते तोकडे पडतात. मी इंटिरियरची छोटी-मोठी कामं घेतो, मिरज-सांगली जास्त, साताऱ्याला पण जातो अधूनमधून, आणि सगळ्यात जास्त तक्रारी या एकाच दाराच्या असतात. म्हणून एकदा नीट सगळं लिहून टाकतो.

एक गोष्ट डोक्यात ठेवा, बाकी सगळं त्यावरनंच ठरतं. स्लायडिंगचं दार ही घरातली वाट आहे, दिवसातनं पन्नास वेळा माणूस तिथनं जातो. त्यामुळं दार ज्या दिशेला सरकतं त्याच दिशेला वरचं आवरण पण सरकायला पाहिजे. कॅटलॉगमध्ये वर गुंडाळणारं काहीही कितीही भारी दिसू दे.

पहिलं काम: दुकानात जायच्या आधी दार बघा

बघा म्हणजे नुसतं बघू नका, वापरून बघा. तुमचं दार टू ट्रॅक आहे का थ्री ट्रॅक? थ्री ट्रॅक असेल तर दोन काचेची शटर आणि एक मच्छरजाळीचं. आता रोजच्या वापरात यातलं कुठलं शटर उघडता? दोन्ही सरकत असली तरी प्रत्येक घरात एकच बाजू चालू असते, दुसरीकडं सोफा नाहीतर झाडाची कुंडी असते. चालू बाजू डावी का उजवी ते लिहून ठेवा, कारण पडदा गोळा होऊन जिथं थांबणार ती जागा बंद बाजूला पाहिजे.

मग भिंत बघा. दाराच्या कडेला स्विचबोर्ड आहे का? बिल्डरला काय प्रेम असतं माहीत नाही पण बाल्कनीच्या दाराला लागूनच पंख्याचा नि लाइटचा बोर्ड देतात. पडदा गोळा झाला की बोर्ड त्याच्यामागं गडप, आणि मग रोज पडद्यात हात घालून बटण शोधायचं. वर एसीचं युनिट आहे का, पाइप कुठनं गेलाय, दाराच्या वर पट्टी ठोकायला भिंत किती इंच शिल्लक आहे, फॉल्स सीलिंग आहे का, आणि शटरचं हँडल किती बाहेर येतं, हे सगळं मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुकानदाराला फोटो दाखवले की तो पण जरा नीट बोलतो.

बाल्कनीत वॉशिंग मशीन असेल किंवा कपडे वाळत घालत असाल तर ते पण धरा. ओल्या कपड्यांची बादली एका हातात, दुसऱ्या हातानं जाळी सरकवायची, आणि समोर झेब्रा ब्लाइंड, म्हणजे जाड-पातळ आडव्या पट्ट्यांचा, वर गुंडाळला जाणारा, अर्ध्यावर लोंबतोय. मिरजेत एका घरी मी हे डोळ्यांनी बघितलंय, वहिनी अक्षरशः कमरेत वाकून ब्लाइंडच्या खालनं बाल्कनीत जात होत्या आणि ओल्या कपड्यांचं पाणी ब्लाइंडच्या खालच्या पट्टीवर लागून तिथं पिवळा डाग पडला होता. ब्लाइंड महागातला होता बरं का.

दुसरं काम: ऊन कुठनं येतं

याच्यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि मग सरसकट सगळीकडं ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारं जाड कापड, मारतात.

पश्चिमेचं दार असेल तर तो खरा वैरी. मार्च ते मे दुपारी तीननंतर ऊन तिरकं आत येतं, बाल्कनीच्या स्लॅबची सावली काही कामाची राहत नाही कारण सूर्य स्लॅबच्या खालनं बघतो. सांगलीच्या उन्हाळ्यात अशा हॉलमध्ये संध्याकाळी सहाला पण फरशी गरम लागते. इथं पैसे खर्च करा.

दक्षिणेच्या दाराला लोक उगाच घाबरतात. आपल्याकडं मेच्या पहिल्या पंधरवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो दुपारी जरा उत्तरेलाच कललेला असतो. त्यामुळं ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या दारातनं थेट ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरात येतं, तेव्हा दुपारचा सूर्य साधारण ५० अंशांवर असतो, पण थंडीतलं ते ऊन हवंच असतं की. म्हणून दक्षिणेला साधा मध्यम जाडीचा पडदा बास. पूर्वेला बेडरूम असेल तर सकाळी झोपमोड होते, तिथं ब्लॅकआउट चालेल. उत्तरेला प्रश्न फक्त आडोशाचा, नेटचा पडदा पुरतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. ऊन एकदा काचेतनं आत आलं की उष्णता घरात आलीच. काच उन्हाला आत सोडते पण तापलेल्या वस्तूंची धग सहज बाहेर जाऊ देत नाही. आतनं जाड पडदा लावला तर अंधार होतो, पण पडदाच तापतो आणि ती धग खोलीतच राहते. काचेकडची बाजू पांढरी असली तर थोडं ऊन परत फिरतं, म्हणून ब्लॅकआउट घेतला तर मागनं पांढरा घ्या, काळा नको. पण खरा फरक पडतो तो ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तर. म्हणून पश्चिमेला माझा सल्ला ठरलेला आहे, बाल्कनीच्या कठड्याच्या वर बाहेरच्या बाजूला बांबूची चिक सोडा किंवा शेडनेट लावा, आणि आतनं साधा पडदा ठेवा.

शेडनेट म्हणजे तीच हिरवी जाळी, नर्सरीवाले वापरतात ती. आपल्या भागात त्याला कुठं लांब जायला नको, कुठल्याही कृषी साहित्याच्या दुकानात मिळते. ५० टक्के, ७५ टक्के, ९० टक्के अशी येते, म्हणजे तेवढा उजेड अडवते. बाल्कनीला ५० ते ७५ बास, ९० घेतली तर दिवसा लाइट लावून बसावं लागेल. फक्त सोसायटीला आधी विचारा, बाहेरनं दिसणाऱ्या गोष्टींवर काही ठिकाणी नियम असतात. आणि जाळीच्या चारी बाजूंना पट्टी शिवून रिंगा मारून घ्या, नुसत्या सुतळीनं बांधली तर पहिल्या वळवाच्या पावसात जाळी शेजारच्यांच्या गच्चीवर.

तिसरं काम: प्रकार ठरवा

कापडी पडदा. माझं मत सरळ आहे, दहातल्या आठ घरांना हाच बरोबर. बाजूला सरकतो, धुता येतो, फाटला तर गल्लीतला टेलर शिवून देतो, कंटाळा आला तर बदलता येतो. काचेकडं नेट आणि खोलीकडं जाड कापड असे दोन थर केले तर दिवसा नेट ओढायचा, रात्री जाड. नेटच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, दिवसा बाहेरच्यांना आतलं दिसत नाही पण रात्री घरात लाइट लागला की उलटं होतं, सगळं दिसतं. आरशासारखी फिल्म काचेला लावतात तिचं पण हेच, रात्री उपयोग शून्य.

व्हर्टिकल ब्लाइंड, म्हणजे त्या उभ्या पट्ट्या, साधारण साडेतीन ते पाच इंच रुंदीच्या. लोक म्हणतात ऑफिससारखं दिसतं, आणि दिसतं पण खरं. पण बाजूला सरकतात, आणि पट्ट्या तिरक्या करून पश्चिमेचं ऊन अडवून उजेड तेवढा घेता येतो, हे पडद्याला जमत नाही. एखादी पट्टी खराब झाली तर तेवढीच बदलता येते. वैताग एकच, वारा. जाळीचं शटर लावून दार उघडं ठेवलं की पट्ट्या एकमेकींवर खडखड आपटतात आणि खालची मण्यांची बारीक साखळी पायात अडकून तुटते. साताऱ्यात उंचावरच्या, डोंगराकडं तोंड असलेल्या फ्लॅटला मी व्हर्टिकल देतच नाही.

रोलर आणि झेब्रा, दोन्ही वरच्या पाइपवर गुंडाळले जातात. दिसायला एकदम स्वच्छ, जागा कमी खातात, पण वर-खाली होतात. तरी पाहिजेच असेल तर एक अखंड न घेता दोन घ्या, एकेका शटरवर एक, आणि दोन्हीतली फट बरोबर शटर जिथं एकमेकांवर येतात त्या रेषेवर आली पाहिजे. चालू शटरवरचा दिवसभर वर ठेवायचा, बंद शटरवरचा पाहिजे तसा. सहा फुटांच्या पुढं एकच रोलर घेतला तर बारीक पाइपला झोळ येतो आणि कापडावर मधोमध सुरकुत्या पडतात. कडेनं थोडा उजेड येणारच, ब्लॅकआउट रोलर म्हणून घट्ट अंधार होईल असं समजू नका.

रोमन ब्लाइंड, म्हणजे घड्या पडत वर जाणारं कापड, दाराला नको. खिडकीला छान.

पॅनल ब्लाइंड म्हणून एक प्रकार आहे, दीड-दोन फुटी सपाट कापडी पट्टे चार-पाच पदरी ट्रॅकवर एकामागं एक सरकतात, स्लायडिंग दाराला खरं तर हा फार योग्य, पण आपल्याकडं करणारे कमी आणि ट्रॅक बिघडला तर दुरुस्तीला माणूस मिळत नाही, त्यामुळं मी सहसा सुचवत नाही.

चिक आतल्या बाजूला लावू नका. धूळ धरते, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात बुरशी येते. बाहेर लावली तर जूनच्या आधी काढून, वाळवून, माळ्यावर.

चौथं काम: माप

इथं गणित करू, कारण पैसे इथंच वाया जातात. समजा दार ६ बाय ७ फूट, म्हणजे ७२ इंच रुंद, ८४ इंच उंच.

रुंदी: पडदा उघडल्यावर तो काचेवर नको, भिंतीवर गेला पाहिजे. म्हणून दोन्ही बाजूला १० इंच वाढवा, रॉड झाला ९२ इंच. चुण्या नीट पडायला कापड दुप्पट लागतं, म्हणजे १८४ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंची धरला तर चार पन्हे. तीन पन्ह्यांत बसवतो म्हणणारा टेलर भेटेल, त्याचं ऐकू नका, पडदा बंद केल्यावर चादर ताणून लावल्यासारखा दिसतो.

सगळा पडदा एकाच बाजूला न्यायचा असेल तर त्या बाजूला १० इंच पुरणार नाहीत, चार पन्ह्यांचा गठ्ठा दीड-पावणेदोन फूट होतो. तेवढी भिंत आहे का ते आधी बघा.

उंची: रॉड चौकटीच्या वर ६ इंच, म्हणजे फरशीपासून ९० इंच. खाली एक इंच सोडा, पडदा झाला ८९. फरशीवर लोळणारे पडदे फोटोत बरे दिसतात, आपल्याकडं रोज फरशी पुसतात आणि पावसाळ्यात ट्रॅकमधलं पाणी आत येतं, आठ दिवसांत काठ काळा. शिवायला वरची पट्टी आणि खालची दुमड धरून ११ इंच जादा, म्हणजे एका पन्ह्याला १०० इंच, अडीच मीटरच्या किंचित वर. चार पन्ह्यांना सव्वादहा मीटर. मोठं डिझाइन असेल तर डिझाइन जुळवायला आणखी लागतं.

आता रेडिमेडचं बघा. ते येतात ५, ७ आणि ९ फुटी, रुंदी ४ फूट. ७ फुटी म्हणजे ८४ इंच, आपल्याला पाहिजेत ८९. म्हणजे ७ फुटी दाराला ७ फुटी पडदा पुरतच नाही, घोट्याच्या वर पायजमा गेल्यासारखं दिसतं. ९ फुटी घेऊन खालनं कापून दुमडून घ्या, उरलेल्या कापडाचे उशीचे अभ्रे होतात.

उंची डावीकडं, मध्ये आणि उजवीकडं अशी तीन ठिकाणी मोजा. फरशीला बाल्कनीकडं उतार असतो, स्लॅब पण कधी कधी सरळ नसतो, सगळ्यात कमी माप धरायचं. आणि माप स्टीलच्या टेपनं, शिवणाच्या टेपनं नाही, ती ताणली जाते.

पाचवं काम: रॉड का ट्रॅक

हा मुद्दा कोणी सांगत नाही आणि घोळ इथंच होतो. सात-आठ फुटी रॉडला मध्ये ब्रॅकेट द्यावंच लागतं, नाहीतर झोळ. आता रिंगवाला पडदा मधल्या ब्रॅकेटच्या पलीकडं जाऊ शकत नाही. म्हणजे अर्धा पडदा डावीकडं, अर्धा उजवीकडं, असाच उघडणार. तुमचं चालू शटर उजवीकडं असेल आणि तिकडं पुरेशी भिंत नसेल तर उजवा गठ्ठा कायम वाटेत.

म्हणून एका बाजूला सगळा पडदा न्यायचा असेल तर रॉडचा नाद सोडा, ॲल्युमिनियमचा ट्रॅक घ्या. तो छताला नाहीतर भिंतीला लागतो, पडदा अडकवायच्या छोट्या चाकांचे रनर आतनं पळतात, मध्ये कितीही ठिकाणी क्लिप असली तरी अडत नाही. नेट आणि जाड असे दोन थर पाहिजेत तर दोन ट्रॅक, मध्ये तीन-चार इंच अंतर. रनर जरा जादा टाकून घ्या, नंतर त्याच साइजचे मिळतीलच असं नाही. रॉडच घेणार असाल तर एक इंची जाड पाइपचा घ्या, आणि शिवताना प्रत्येक पडद्याला रिंगा सम संख्येत, आठ किंवा दहा, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडं वळतात. विषम झाल्या की एक कड बाहेर तोंड करून बसते.

फॉल्स सीलिंग करायचं बाकी असेल तर लई बरं, पेलमेटची, म्हणजे ट्रॅक आत लपवायची, खाच आत्ताच सोडून घ्या, दोन ट्रॅकला सात-आठ इंच रुंद. आणि पीओपीच्या वर प्लायची पट्टी टाकायला सांगा, नुसत्या पीओपीत स्क्रू टिकत नाही, पोरानं एकदा पडदा ओढला की ट्रॅक खाली.

सहावं काम: कापड

दुकानात एकच परीक्षा, मोबाइलचा टॉर्च लावून कापडाच्या मागं धरा. किती उजेड येतो ते तिथंच कळतं, सेल्समन काय म्हणतो त्याला महत्त्व नाही. मग सँपलचा तुकडा घरी आणून दुपारी चारला काचेवर धरा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जो रंग क्रीम वाटतो तो उन्हात पिवळा दिसतो.

रोज ऊन लागणार असेल तर पॉलिस्टर टिकतं, शुद्ध कॉटनचा रंग उडतो आणि सिल्कसारखं काही घेतलं तर दोन-तीन उन्हाळ्यांत काचेकडची बाजू विरते. घ्यायचंच असेल तर मागनं अस्तर लावा. इचलकरंजी जवळच आहे, तिकडनं कोरं कॉटन आणून पडदे शिवायची कल्पना चांगली आहे, मी पण केलीय, पण आधी कापड भिजवून वाळवून मग माप काढा. कॉटन तीन ते पाच टक्के आटतं, ९० इंचाला चार इंच गेले म्हणजे परत तोकडा पडदा.

साताऱ्याच्या लोकांनो, तुमच्याकडं पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तिथं जाड फोमचं कोटिंग असलेला ब्लॅकआउट काचेला चिकटून राहिला तर मागनं काळे ठिपके येतात. त्यापेक्षा विणीतच काळा धागा असलेलं तीन पदरी कापड घ्या, धुता पण येतं. आणि सांगलीकडं साखर कारखान्याच्या जवळ राहत असाल तर गळीत हंगामात बाल्कनीत काजळी येते, पांढऱ्या नेटचा मोह टाळा. राखाडी, वाळूचा रंग, असलं काहीतरी.

फिटिंग

ॲल्युमिनियमच्या चौकटीला भोक पाडू देऊ नका. फिटिंगवाला म्हणेल सोपं पडतंय साहेब, पण तिथनं पाणी झिरपतं आणि खाली शटर टफन ग्लासचं असेल तर ड्रिल निसटल्यावर अख्खी काच फुटते. वर बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा लिंटल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, असतो, हॅमर ड्रिल लागतं, साधं चालत नाही. भोक, प्लग, मग स्क्रू. वायरिंग कुठनं गेलंय ते स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर बघून ठरवा. पडदा काचेपासून किमान तीन इंच पुढं, नाहीतर शटर सरकवताना हँडलमध्ये अडकतो.

ब्लाइंडचा रेट स्क्वेअर फुटावर असतो. ६ बाय ७ म्हणजे ४२ स्क्वेअर फूट. त्यात फिटिंग, ब्रॅकेट, वरची कव्हरपट्टी धरली का ते कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नको.

घरात लहान मूल असेल तर ब्लाइंडची लोंबणारी दोरी किंवा साखळी फार धोक्याची, गळ्यात अडकते. अमेरिकेत तर जून २०२४ पासून अशा मोकळ्या लोंबत्या दोऱ्यांना स्टँडर्डनंच मनाई झालीय. आपल्याकडं बिनदोरीचा नाहीतर काठीनं चालणारा मागा, आणि दोरीच असेल तर पाच फुटांवर हूक मारून गुंडाळून ठेवायची सवय लावा. सोफा त्याच्या खाली नको, पोरं चढतात. कापडी पडद्याला पण ओढायची काठी लावून घ्या, हाताचे डाग एकाच कडेला पडतात ते वाचतात.

धुताना हूक काढा, रिंगवाला असेल तर रिंगांकडचा भाग उशीच्या अभ्र्यात घालून बांधा, मशीनच्या ड्रमला ओरखडे येत नाहीत. ब्लॅकआउट पिळू नका, गरम पाणी नको. नेट ओलाच परत रॉडवर टांगला तर इस्त्री लागत नाही.

आणि फिटिंगवाला हत्यारं आवरायला लागला की लगेच पैसे देऊ नका. त्याच्यासमोर पडदा पूर्ण बंद, पूर्ण उघडा करा, मग दोन्ही शटर सरकवा, जाळीचं सरकवा, स्विचबोर्डला हात पोचतो का बघा, पंखा फुलवर लावून पडदा कुठं जातो ते बघा. रात्री हॉलचा लाइट लावून एकजण खाली पार्किंगमध्ये जाऊन वर बघून या, शेवटचे पैसे दुसऱ्या दिवशी.